पूजा चुकली की देव कोपतो का?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. आई गेल्यावर तिचं देवघर तुमच्याकडे आलं. लहानमोठे मिळून तीसेक देव, शिवाय भिंतभर फोटो. आई रोज दीड तास पूजा करायची. तुमची कारखान्यात शिफ्टची नोकरी, पत्नीही नोकरी करते, वडील तुमच्याजवळ असतात पण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नाही. तुम्ही दहा-पंधरा मिनिटांत पूजा उरकता, मन लागत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दोन दिवस पूजा राहिली आणि त्याच आठवड्यात मुलीला ताप भरला. त्यावर एक नातेवाईक म्हणाले, ‘देव पारोसे ठेवलेत, दुसरं काय होणार.’ तेव्हापासून देवघरासमोर उभं राहिलं की छातीत धडधडतं. आता हे देव कुणाला देऊन टाकावेत, की रोजच्या पूजेला गुरुजी लावावेत, असं तुम्ही विचारलंय. आईचा फोटो देवघरात ठेवू का, हेही विचारलंय.

वेळ पुरत नाही ही अडचण खरी आहे, पण ती सुटणारी आहे. तुम्हाला झोपू देत नाही ती दुसरी गोष्ट: माझ्या हातून चुकलं म्हणून मुलीला भोगावं लागलं का? म्हणून त्याचं उत्तर आधी देते. नाही.

मी बरीच वर्षं पौरोहित्य करते, घरोघरी पूजा सांगते आणि शिकवतेही. हे उत्तर तुम्हाला धीर यावा म्हणून देत नाहीये. पूजेचा विधी ज्यांनी बांधला त्यांनी माणसाच्या उणेपणाचा विचार त्या विधीतच करून ठेवलाय, आणि तो ओळीओळीत दिसतो.

पूजेला बसल्यावर आपण जो संकल्प सोडतो त्यात ‘यथाज्ञानेन यथामीलितोपचारद्रव्यैः’ असे शब्द आहेत. मला जेवढं येतं तेवढ्या ज्ञानाने आणि जे साहित्य हाताशी आहे तेवढ्याने मी ही पूजा करतोय, असं पळीभर पाणी ताम्हनात सोडतानाच आपण देवाला सांगितलेलं असतं. पुढे उपचार, म्हणजे देवाला एकेक गोष्ट अर्पण करणं, सुरू होतं. वस्त्र नसेल तर ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’, अलंकार नसतील तर ‘अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि’. चिमूटभर अक्षतांवर देवाचा शेला आणि दागिने दोन्ही होतात. आणि शेवटी क्षमाप्रार्थना: ‘आवाहनं न जानामि’, आणि मग ‘मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर’. मंत्र चुकले, क्रिया राहिली, आणि भक्तीही नव्हती, तरी जे झालं ते परिपूर्ण मानून घे. मन लागलं नाही त्याचीही क्षमा त्याच ओळीत मागितलेली आहे. हे श्लोक वेद आणि वेदांगं पाठ असलेला दशग्रंथी ब्राह्मणही म्हणतो आणि पाठ केलेली पूजा कशीबशी म्हणणारा नवशिकाही म्हणतो. पूजा निर्दोष होईल असं कुणी गृहीतच धरलेलं नाही.

दुसरी गोष्ट थोडी शास्त्राची आहे, पण तुमच्या भीतीशी तिचा थेट संबंध आहे. कर्मं तीन प्रकारची मानतात: नित्य, नैमित्तिक आणि काम्य. काही फळ हवं म्हणून संकल्प करून जे करतो ते काम्य, त्यात सगळी अंगं पूर्ण व्हावी लागतात. रोजची देवपूजा ही नित्य, आणि नित्यकर्माला मीमांसेने, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राने, ‘यथाशक्ति’ हा न्याय लावलाय. मुख्य कृती धरून ठेवायची, बाकीची अंगं जमतील तेवढी. आईची दीड तासाची पूजा आणि तुमची पंधरा मिनिटांची पूजा या शास्त्राच्या दृष्टीने एकाच नित्यकर्माची दोन यथाशक्ति रूपं आहेत. तुमचं कर्म अर्धवट ठरत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नित्यकर्म टाकलं तर प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो असं धर्मशास्त्र म्हणतं, आणि तुमच्या नातेवाइकांच्या बोलण्यामागे तेच कुठेतरी असणार. पण आळसाने किंवा तुच्छतेने टाकणं वेगळं आणि अंगात त्राण नसल्याने राहणं वेगळं. शिवाय दोष लागला तर तो ज्याने कर्म चुकवलं त्याला, आणि त्यावर उपाय प्रायश्चित्ताचा, जो नामस्मरणाइतका साधा असू शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या अंगात ताप बनून तो उतरतो, असा हिशेब कुठलाही जाणता माणूस मांडणार नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला चाळिसावा श्लोक तर उलटी खात्री देतो: या मार्गात केलेली सुरुवात वाया जात नाही, आणि ‘स्वल्पमप्यस्य धर्मस्य त्रायते महतो भयात्’, थोडंसं आचरणही मोठ्या भयातून तारतं. ज्याने भय जावं त्याचंच तुम्हाला भय वाटू लागलंय, म्हणून मला हे इतकं लांबवून लिहावंसं वाटलं.

अजून एक आठवून बघा. आई गेल्या तेव्हा तुमच्याच घरात दहा दिवस सुतक होतं. त्या दिवसांत घरातल्या कुणी देवांना हात लावला नसेल, फार तर सुतक नसलेल्या कुणी येऊन फूल वाहिलं असेल. हा नियमच आहे. पूजा थांबली की घरावर संकट येतं असं असतं, तर घरावर आधीच दुःख कोसळलेलं असताना पूजा थांबवायला सांगणारा नियम झालाच नसता. पंढरपूरला आषाढी-कार्तिकीच्या आधी देवाचा पलंग काढतात. काकडआरती, शेजारती हे रोजचे उपचार त्या काळात बंद असतात, कारण लोकांना चोवीस तास दर्शन घ्यायचं असतं. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा काढतात आणि मग रोजचा क्रम पुन्हा सुरू होतो. विठ्ठलाच्या राउळातही नित्योपचार परिस्थितीप्रमाणे वाकतात. तुमच्या रात्रपाळीचं काय घेऊन बसलात.

नातेवाइकांशी वाद घालू नका. ‘हो, आता बसवतोय घडी’ एवढं म्हणा. मुलीचा ताप डॉक्टरांचा विषय होता, तुम्ही तिला डॉक्टरांकडे नेलंत, ते योग्यच केलंत.

आता देवघराकडे येते. इथे पुष्कळसं तुमच्या घराच्या रीतीवर अवलंबून आहे, म्हणून मी सरसकट सांगू शकत नाही. पण एक वाटणी करता येते, आणि ती केली की निम्मा भार उतरतो. आईकडून तुमच्याकडे दोन प्रकारच्या गोष्टी आल्यात. एक घराण्याच्या: कुलदैवतांचे टाक (धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या प्रतिमा), कुळधर्म, कुळाचार. नवरात्रातला घट, मार्गशीर्षातली चंपाषष्ठी, खंडोबाची तळी भरणं, देवीचं बोडण, यांतलं जे तुमच्या घरी असेल ते. दुसऱ्या गोष्टी आईच्या स्वतःच्या: तिची संकष्टी, तिचा गुरुवार, तिच्या जपाच्या माळा, तिची पोथी, तीर्थयात्रेहून तिने हौसेने आणलेल्या मूर्ती. पहिल्या गोष्टी वारशाने येतात, दुसऱ्या येत नाहीत. नेम हा ज्याचा त्याने घेतलेला असतो आणि तो त्याच्याबरोबर संपतो. आईची संकष्टी तुम्हाला आवडीने धरायची असेल तर खुशाल धरा, पण ती तुमच्या मानेवर नाही. अपवाद एकच: आईने एखादा नवस बोललेला असेल आणि फेडायचा राहिला असेल, तर तो घरच्यांनी फेडून टाकावा, अशी रीत आहे. वडील आणि आत्या यांच्याजवळ एकदा निवांत बसा, घराण्याचं काय आणि आईचं काय हे विचारून वहीत उतरवून घ्या. वडील हयात आहेत तोवर हे काम करून घ्या. पुढे हे सांगणारं कुणी उरत नाही, हे मी घरोघरी बघते.

देव कमी करायला हरकत नाही. रोजच्या पूजेत गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवतांचे टाक, आणि घरात पूर्वीपासून असेल तर शाळिग्राम (विष्णूचं प्रतीक असलेला दगड) किंवा बाण (शिवाचं प्रतीक असलेला दगड), एवढे पुरे. शंख आणि घंटा असतेच. घरात दोन शिवलिंगं, तीन गणपती, दोन शंख पूजेत ठेवू नयेत असं जुनं वचन आहे, म्हणजे देव आवरते ठेवणं परंपरेलाही मान्य आहे. बाकीच्या सुस्थितीतल्या मूर्ती पूजा करणाऱ्या नात्यातल्या कुणाला मागून बघा. बहीण, मावशी, आईची एखादी मैत्रीण. आईच्या हातची मूर्ती म्हणून त्या आनंदाने नेतात. किंवा स्वच्छ वस्त्रात गुंडाळून ठेवा आणि सणावारी काढून पुजा. भंगलेल्या मूर्तीवर अक्षता वाहून, ‘यथास्थानं गच्छ’ (आपल्या स्थानी जा) म्हणून तिचं विसर्जन करायचं. झिजलेले टाक टाकून देऊ नका, ते सोनाराकडून उजळून किंवा नवे घडवून घेता येतात. कुलदैवत खंडोबा असेल तर जेजुरीला देव भेटीला नेण्याची रीत अनेक घरांत आहे, ते एकदा जमवा. फोटोंचं मात्र ऐका. फ्रेमसकट पिंपळाखाली नेऊन ठेवू नका. काच आणि चौकट वेगळी करा, नुसता कागद असेल तर बादलीत भिजवून त्याचा लगदा करा आणि झाडाच्या मुळाशी घाला. देव रस्त्याच्या कडेला पावसात भिजत ठेवण्यापेक्षा यात मान जास्त आहे.

सगळेच देव देऊन टाकावेत का, तर माझं मत नाही असं आहे. भीती वाटते म्हणून दिलेत तर देव जातील आणि भीती घरात राहील. आधी भीती उतरू द्या. वर्षभराने खरोखर झेपत नाही असं वाटलं, तर धाकट्या भावाने किंवा चुलतभावाने कुळाचार घेणंही रीतीला धरून आहे.

आता तुमची पंधरा मिनिटं. षोडशोपचारांचा, म्हणजे सोळा उपचारांच्या पूजेचा, हट्ट धरू नका, पंचोपचार पुरे: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. आदल्या दिवशीचं निर्माल्य काढा, देव ताम्हनात घ्या, पळीने पाणी घाला. पंचामृत रोज नको, सणाला ठेवा. मग पुसणं. सगळ्यांत जास्त घाई इथे होते आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त लक्ष इथेच द्यावं. बाळकृष्णाच्या लोण्याच्या गोळ्याखाली आणि दुमडलेल्या गुडघ्यामागे पाणी राहतं. टाकाच्या उठावात, देवीच्या हातांच्या आणि खंडोबाच्या घोड्याच्या पायांच्या मधल्या खाचांत कालचं गंध सुकून बसलेलं असतं. मऊ सुती कापडाचं टोक बोटावर घेऊन ते हलकेच काढा. पितळेची मूर्ती ओली राहिली की हिरवट डाग धरते. एकेक देव असा हातात घेऊन, त्याचं नाव मनात घेत पुसलात की मन लागतंय का हा प्रश्न तेवढ्यापुरता पडत नाही, कारण डोळे, बोटं आणि नाव एकाच ठिकाणी आलेली असतात. मी शिकवताना हेच आधी सांगते. ध्यान लागत नाही म्हणणाऱ्यांना मूर्ती पुसायला सांगावी.

मंत्र येत नसतील तर नाममंत्र घ्या. ‘श्रीगणेशाय नमः, गंधं समर्पयामि.’ असंच ‘पुष्पं समर्पयामि’, ‘धूपं समर्पयामि’. गणपतीला दूर्वा आणि लाल फूल, बाळकृष्णाला तुळस, शंकराला बेल, आणि यांतलं काही मिळालं नाही तर अक्षता आहेतच. निरांजन ओवाळा. नैवेद्याला दूधसाखर चालते. पाण्याने चौकोनी मंडल करून वाटी ठेवा, वर तुळशीचं पान, आणि ‘प्राणाय स्वाहा’पासून ‘ब्रह्मणे स्वाहा’पर्यंत म्हणून क्षणभर डोळे मिटा. तेवढा क्षण मात्र घाईत सोडू नका. शेवटी क्षमाप्रार्थना, आणि ती म्हणताना वर मी लिहिलेला अर्थ लक्षात असू द्या.

वेळ घड्याळाला बांधू नका, आंघोळीला बांधा. फर्स्ट शिफ्ट असो की सेकंड, आंघोळ झाली की पाच उपचार. रात्रपाळीहून सकाळी आल्यावर अंग मोडलेलं असतं, त्या आठवड्यापुरता नेम वेगळा ठरवा: दिवा, फूल, नमस्कार, बस्स. आधीच ठरवलेला लहान नेम पाळला की रुखरुख राहत नाही. मोठा नेम धरून रोज त्यातलं थोडं सोडलं की अपराधी वाटत राहतं. तुमच्या बाबतीत हेच झालंय. आईचा नेम तुम्ही मापाला धरलात आणि रोज स्वतःला कमी भरताना बघितलंत.

आणि वडिलांना विसरू नका. त्यांना खाली बसवत नाही, पण पूजा पाटावर बसूनच करावी असं नाही. देव्हारा उंच टेबलावर किंवा भिंतीतल्या फळीवर घ्या, त्यांना खुर्ची द्या. रात्रपाळीच्या आठवड्यात पूजा त्यांच्याकडे द्या. पत्नीच्या जाण्यानंतर ज्यांचा सगळा दिवस मोकळा पडलाय अशा माणसाला गंध उगाळायला मिळणं किती मोठं असतं, ते मी जवळून पाहिलंय. मुलीलाही फूल वाहू द्या, घंटा वाजवू द्या. तापाचं खापर ज्या देवघरावर फुटलं ते तिला आवडीचं वाटायला हवं. पत्नीने हवं तर करावं, पण ‘तू बाई आहेस म्हणून तुझं काम’ असं होऊ देऊ नका. रोजची पूजा पुरुषाने करायची की स्त्रीने हे घराघरांत वेगळं आहे आणि तुमच्या घरात आता दोघंही बाहेर पडता.

गुरुजी लावण्याबद्दल. अडचणीच्या दिवसांत, गावाला जाताना, आजारपणात जरूर लावा, त्यात कमीपणा नाही. पण कायमचं लावू नका असं मी, हेच काम करणारी असूनही, सांगेन. किल्ली शेजारी ठेवून कुणीतरी येऊन देव पुजून जातं आणि घरातल्यांना त्या दिवशी कोणतं फूल वाहिलं हेही माहीत नसतं, अशी घरं मी पाहते. तुम्हाला भीतीतून बाहेर पडायचंय, आणि त्यासाठी देव तुमच्या हाताखालून जायला हवेत.

एक सावधगिरी. थोड्या लोकांच्या बाबतीत ही भीती वाढत जाते. पूजा झाल्यावर पुन्हा शंका, पुन्हा हात धुणं, पुन्हा सगळे उपचार, एक शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात. तुमच्या लिहिण्यात तसं दिसत नाही. पण तसं होऊ लागलं, किंवा ही धडधड देवघरापासून दूर असतानाही टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते श्रद्धेच्या आड येत नाही. आई जाऊन फार दिवस झाले नाहीत हेही लक्षात घ्या, दुःख असं भीतीच्या रूपातही येतं.

राहिला आईचा फोटो. तो देवघरात ठेवू नका, कारण देवांची पूजा आणि पितरांचं स्मरण आपल्याकडे वेगवेगळं ठेवतात. दोन्हींचे दिवस वेगळे, विधी वेगळे. बैठकीच्या भिंतीवर लावा, जाता-येता दिसेल असा. वर्षश्राद्ध अजून व्हायचं असेल तर त्या वर्षी सण कसे करायचे हे घरच्या रीतीप्रमाणे ठरवा, रोजच्या पूजेला मात्र त्याचा अडसर नाही. वडील हयात असताना आई गेल्या, म्हणजे त्यांच्यासाठी पितृपक्षात भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी, हा दिवस येतो. त्या दिवशी सवाष्णीला जेवायला बोलावतात आणि तिची ओटी भरतात. तुमच्याकडे ती कशी करतात, स्वयंपाकात काय असतं, हे आत्यांना विचारायच्या वहीत लिहून ठेवा.